कॉर्कचे गणिताचे गुरुजी : जॉर्ज बूल

२ नोव्हेंबर ही तारीख आपल्या बेटावर कुणाला सांगावी लागत नाही. १८३४ साली याच दिवशी 'ऍटलास' नावाच्या जहाजातून छत्तीस भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यांच्या मागोमाग पुढे मुंबई बंदरातून आपलेही पूर्वज आले. त्याच २ नोव्हेंबर १८३४ रोजी इंग्लंडातील लिंकन गावी एक तरुण आपली एकोणीस वर्षे पुरी करीत होता. त्या वर्षी त्याने स्वतःची छोटीशी शाळा उघडली. त्याचे नाव जॉर्ज बूल. हा तरुण पुढे आयर्लंडात जाऊन प्राध्यापक झाला आणि तेथेच वारला. आज आपल्या मुलांच्या हातात जो संगणक आहे, त्याच्या पोटात चालणारे गणित या माणसाचे आहे.

बूल यांची आठवण आम्हांस वर्गात झाली. संगणकाच्या भागांचा धडा चालू होता. कीबोर्ड आणि माऊस ही माहिती आत घेणारी साधने, पडदा आणि प्रिंटर ही बाहेर देणारी साधने, डिस्क आणि पेनड्राइव्ह ही साठवणारी साधने. मुलांनी तीन रकाने आखले आणि नावे पाठ केली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले की आपण 'क' दाबतो तेव्हा आत 'क' कुठे जाऊन बसतो, आणि बंद केल्यावरही तो तिथेच कसा राहतो. खरे सांगायचे तर आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. प्रशिक्षणाच्या काळात आम्हीसुद्धा तेच तीन रकाने पाठ केले होते.

आधी तिला आम्ही बुटिकच्या कार्नेचे उदाहरण दिले. आपल्या आया चिनी दुकानदाराकडून उधारीवर तांदूळ, तेल आणीत. आई जिन्नस सांगे, ती आत गेलेली माहिती. दुकानदार कार्नेत लिही, तो साठा. महिनाअखेर बेरीज करून आकडा सांगे, ती बाहेर आलेली माहिती. मुलीला हे पटले. पण दुकानदाराकडे पेन्सिल आणि कागद होता, यंत्राकडे काय आहे, असा तिचा पुढचा प्रश्न होताच. त्याच्या उत्तरासाठी बूल यांच्याकडे जावे लागते.

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी लिंकन येथे झाला. वडील जॉन बूल जोडे शिवीत, पण त्यांचे मन जोड्यांपेक्षा दुर्बिणी आणि भिंगे बनविण्यात अधिक रमे. त्यामुळे दुकान कधी नीट चालले नाही. घरात चार मुले, जॉर्ज थोरला. शाळा थोडी झाली. बाकी सारे विद्यार्जन त्याने स्वतःच केले. गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने त्याला लॅटिन शिकविले. ग्रीक तो आपल्या आपण शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे भाषांतर केले. वडिलांनी अभिमानाने ते गावच्या वर्तमानपत्रात छापून आणले. तेव्हा एका शाळामास्तराने पत्र लिहून शंका काढली की इतक्या लहान पोराला हे जमणे शक्यच नाही. गरिबाच्या मुलाला हुशारीचाही पुरावा द्यावा लागतो!

सोळाव्या वर्षी वडिलांचा धंदा बसला आणि सगळ्या कुटुंबाचा भार जॉर्जवर आला. डॉनकास्टर येथे एका शाळेत तो दुय्यम शिक्षक झाला. ती नोकरी फार दिवस टिकली नाही. रविवारी प्रार्थनेच्या वेळी तो गणिताची पुस्तके वाचतो, अशी तक्रार पालकांनी केल्याचे सांगतात. तो गणिताकडे का वळला, याचे कारण मोठे गमतीचे आहे. पैसे थोडे होते, आणि गणिताचे पुस्तक इतर पुस्तकांपेक्षा पुष्कळ दिवस पुरते, असा त्याचा हिशेब होता. लाक्रवा या फ्रेंच लेखकाचा ग्रंथ त्याने एकट्याने झुंजून वाचला. मग लाग्रांज आणि लाप्लास वाचले. शाळा सुटल्यावर, मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर हे सारे चाले. शिक्षक वाचकांना या वेळेची किंमत वेगळी सांगायला नको.

एकोणिसाव्या वर्षापासून पुढली पंधरा वर्षे बूल शाळामास्तर होते. त्या काळात त्यांनी केंब्रिजच्या गणिताच्या नियतकालिकाला लेख पाठविण्यास आरंभ केला. १८४४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांच्या एका निबंधाला सुवर्णपदक दिले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या मास्तराला हा मान मिळाला. याच सुमारास ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाशी त्यांचा पत्रव्यवहार जमला. डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली आपल्या भारतातच, मदुराईला झाला होता. दिल्लीच्या मास्टर रामचंद्र यांचा गणितावरील ग्रंथ १८५९ साली लंडनला प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला, त्यामागेही हेच गृहस्थ होते.

१८४७ साली बूल यांनी तर्कशास्त्राच्या गणितावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि १८५४ साली, कॉर्कला असताना, विचारांच्या नियमांवरचा मोठा ग्रंथ. त्यातली मूळ कल्पना सोपी आहे. समजा, एका माळावर गाई आहेत. त्यांतल्या पांढऱ्या गाई वेगळ्या काढा. आता त्या पांढऱ्या गाईंतून पुन्हा पांढऱ्या वेगळ्या काढा. काय मिळाले? त्याच गाई. निवड दोनदा केली तरी उत्तर एकदाच केल्यासारखे. निवडीला 'क्ष' म्हटले, तर क्ष गुणिले क्ष बरोबर क्षच. आता अंकगणितात असा अंक शोधा की ज्याला त्यानेच गुणले तर तोच उरतो. दोनाचे चार होतात, तिनाचे नऊ. फक्त शून्य आणि एक हे दोनच अंक या नियमात बसतात. बूल म्हणाले की एक म्हणजे सर्व काही, शून्य म्हणजे काहीच नाही. 'आणि' हा शब्द म्हणजे गुणाकार. 'नाही' म्हणजे एकातून वजा. 'किंवा' साठी बेरजेची चाल. माणूस बोलताना जे आणि, किंवा, नाही वापरतो, त्यावर अशा रीतीने बीजगणित मांडता येते.

हे करताना यंत्र त्यांच्या मनात नव्हते. माणसाचे मन कसे विचार करते याचे नियम त्यांना हवे होते. म्हणून त्यांना संगणकाचे जनक म्हणण्याची जी चाल आहे ती आम्हांस पसंत नाही. त्यांनी बी पेरले, ऊस दुसऱ्यांनी कापला, असे म्हणावे.

आता आयर्लंड. १८४५ साली तेथे बटाट्यावर रोग पडला. गरीब शेतकरी बटाट्यावरच जगत असल्याने भयंकर दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख लोक मेले आणि तितक्याहून अधिक जहाजांत बसून परदेशी गेले. कॉर्क परगण्याला त्याची फार झळ लागली. पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्या त्या लोकांचे दुःख आपल्या घरांना परके नाही. अशा दिवसांत सरकारने कॉर्क, गॉलवे आणि बेलफास्ट येथे तीन नवी कॉलेजे काढली. बूल यांनी अर्ज केला, तीन वर्षे वाट पाहिली, आणि १८४९ साली कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वय चौतीस, पदवी एकही नाही. कॉलेजात धर्मावरून तंटे चालत, कारण कॅथलिक धर्मगुरूंना ही कॉलेजे मान्य नव्हती. बूल तंट्यांपासून शक्यतो दूर राहून शिकवीत राहिले.

कॉर्कमध्येच त्यांना मेरी एव्हरेस्ट भेटल्या. मेरी त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान, कॉलेजचे उपाध्यक्ष रायल यांची भाची आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. होय, ज्यांचे नाव १८६५ साली जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिले गेले तेच एव्हरेस्ट. ते १८४३ पर्यंत भारताचे सर्व्हेअर जनरल होते. त्यांच्या हाताखाली १८३१ साली राधानाथ सिकदर नावाचा बंगाली तरुण लागला. त्याच्या हुद्द्याचे नाव काय होते? कॉम्प्युटर! म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ यंत्र नसून माणूस असाच होता. पुढे शिखराची उंची निघाली ती याच राधानाथांच्या आकडेमोडीतून. शिखराला नाव मात्र साहेबांचे लागले.

१८५५ साली बूल आणि मेरी यांचा विवाह झाला. मेरीबाई गणित जाणणाऱ्या होत्या, पतीच्या लेखनात साथ देत. कित्येक वर्षांनी, १९०१ साली, त्यांनी जगदीशचंद्र बोस यांना एक लांब पत्र लिहिले. त्यात त्यांचे म्हणणे असे होते की एव्हरेस्ट काकांमार्फत भारतीय विचार बूल, डी मॉर्गन आणि बॅबेज यांच्यापर्यंत पोहोचला होता. आपल्याकडे हे वाचून पुष्कळांची छाती फुगते. आम्ही मात्र मुलांना सांगताना हात आखडता घेतो. ते एका निष्ठावान पत्नीचे, पतीच्या मृत्यूनंतर पस्तीसहून अधिक वर्षांनी लिहिलेले मत आहे. बूल यांच्या ग्रंथांत तसे काही स्पष्ट दिसत नाही. शून्य भारताने दिले हे खरे आहे, तेवढे पुरे आहे.

नऊ वर्षांत पाच मुली झाल्या. घर कॉर्क शहराबाहेर बॅलिनटेम्पल येथे होते, कॉलेज सुमारे तीन मैल. बूल पायी जात. २४ नोव्हेंबर १८६४ रोजी धो धो पाऊस पडत होता. ते तसेच चालत गेले आणि ओल्या कपड्यांनी व्याख्यान दिले. घरी आल्यावर ताप भरला, तो फुप्फुसात उतरला. ज्याने रोग होतो त्यानेच तो बरा होतो, या मतावर मेरीबाईंचा विश्वास होता. म्हणून त्यांनी पतीला ओल्या चादरींत गुंडाळले, असे मुलींच्या आठवणींतून सांगितले जाते. ८ डिसेंबरला बूल वारले. वय एकोणपन्नास. तर्काचे नियम लिहिणाऱ्याच्या घरी असे व्हावे! पण आपणही पावसात भिजून वर्गात उभे राहतोच आणि आपल्या घरीही औषधापेक्षा ऐकीव उपायांवर भिस्त असतेच. तेव्हा मेरीबाईंना दोष देण्याचा आम्हांला अधिकार वाटत नाही. धाकटी मुलगी तेव्हा सहा-सात महिन्यांची होती.

बूल गेले तेव्हा त्यांचे बीजगणित तर्कपंडितांच्या कपाटात होते. यंत्राचा विचार दुसरीकडे चालू होता. चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात एक मोठे गणनयंत्र कल्पिले होते. त्यात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी आज्ञा द्यायच्या. ही युक्ती फ्रान्समधल्या जकार यांच्या विणकाम मागावरून घेतली होती. १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात बूल आणि बॅबेज यांची भेट झाली होती. मात्र छिद्र आहे किंवा नाही, म्हणजेच एक किंवा शून्य, हा दोघांच्या कामातला सांधा त्या वेळी जुळला नाही.

या ठिकाणी आम्ही जरा वाट सोडून दुसऱ्या एका आयरिश माणसाबद्दल सांगणार आहोत, कारण आमच्या धड्यातले तीनही रकाने त्याने एकट्याने आखले होते. पर्सी लडगेट. जन्म १८८३, कॉर्क परगण्यातील स्किबरीन गावी, जेथे दुष्काळाने कहर केला होता. हा डब्लिनमध्ये हिशेबाच्या कचेरीत नोकरी करी. रात्री घरी बसून यंत्राचे आराखडे काढी. बॅबेज यांचे काम त्याला आधी ठाऊकही नव्हते. एप्रिल १९०९ मध्ये रॉयल डब्लिन सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा निबंध छापला गेला. आत माहिती घालायला छिद्रे पाडलेला कागद, किंवा हाताने दाबायच्या कळा. बाहेर उत्तर यायचे ते छापून, किंवा पुन्हा छिद्रांच्या कागदावर. साठवणीसाठी एकात एक बसणारी दोन नळकांडी. त्यांत विणकराच्या धोट्यासारखे छोटे डबे, प्रत्येकात सळया. सळई किती बाहेर आली त्यावरून अंक ठरे. अशा रीतीने वीस आकडी १९२ संख्या साठवायची योजना होती. दोन वीस आकडी संख्यांचा गुणाकार सुमारे दहा सेकंदांत. सारे यंत्र अदमासे २६ इंच लांब, २४ इंच रुंद आणि २० इंच उंच, एखाद्या पेटीएवढे. बॅबेज यांच्या यंत्राला खोली लागली असती.

ते कधी बनले नाही. १९२२ साली लडगेटही न्यूमोनियाने वारला, वय एकोणचाळीस. आराखडे हरवले. १९७१ साली ब्रायन रँडेल या संशोधकाने त्याचे नाव पुन्हा उजेडात आणले, तोवर जगात सगळीकडे संगणक आले होते. एक छापलेला निबंध ग्रंथालयात राहिला म्हणून तेवढे तरी कळले.

बूल यांचा सांधा जुळविला तो अमेरिकेतल्या क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, १९३७ साली. विजेची दोन बटणे एकामागे एक लावली तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. हा झाला 'आणि'. दोन बटणे शेजारी शेजारी दोन वाटांवर लावली तर एक दाबले तरी पुरे. हा झाला 'किंवा'. बूल यांचे बीजगणित म्हणजे बटणांचे गणित आहे, हे त्याने दाखवून दिले. मग बटणांनी बेरीज करता येते, तुलना करता येते आणि आठवणसुद्धा ठेवता येते.

आता त्या मुलीचा 'क'. कळांच्या खाली आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी तार आणि एक उभी तार जुळते. अमुक आडवी 'आणि' अमुक उभी, यावरून कोणती कळ ते ठरते. म्हणजे बूल दारातच भेटतात. जगातल्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला आज एक ठराविक क्रमांक दिलेला आहे. देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५. तो फक्त शून्य आणि एक वापरून लिहिला तर १००१०००१०१०१ असा होतो. चालू कामाच्या आठवणीत प्रत्येक एक म्हणजे विजेचा बारीकसा साठा आणि शून्य म्हणजे रिकामी जागा. हा साठा गळतो, म्हणून तो सेकंदाला अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सारे पुसले जाते. म्हणून मुलांनो, काम करता करता ते जतन करा असे आम्ही सांगतो. चुंबकीय डिस्कवर तोच 'क' चुंबकाच्या दिशांनी लिहिलेला असतो, सीडीवर बारीक खड्ड्यांनी, पेनड्राइव्हमध्ये कोंडून ठेवलेल्या विजेने. तेथे वीज गेली तरी तो राहतो. पडद्यावर येताना आकार पाहून ठिपके उजळतात आणि मग आपल्या डोळ्यांना 'क' दिसतो. आत अक्षर कुठेच नसते, हे त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले. तिने मान हलविली, पण मग चुकीचे दाबले तर, असे विचारलेच.

चुकीचे दाबले तर चुकीचेच साठेल आणि चुकीचेच बाहेर येईल. याला आमच्या घरचाच दाखला आहे. आमच्या पणजोबांचे नाव लिहून घेणाऱ्या कारकुनाने कानाला जे ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरविले. कागदावर एक अक्षर वाढले, दुसरे गळले. नोंदवही जपून राहिली, तिच्यातली चूकही जपून राहिली. आज आमच्या मुलांच्या ओळखपत्रावर संगणक तीच चूक मोठ्या सुबक अक्षरांत छापून देतो. यंत्राला पणजोबा ठाऊक नाहीत.

मेरीबाईंचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. पाच मुली घेऊन त्या लंडनला परतल्या. स्त्रियांच्या कॉलेजात ग्रंथपाल झाल्या. लहान मुलांना गणित कसे शिकवावे यावर त्यांनी पुस्तके लिहिली. पुठ्ठ्यावर भोके पाडून सरळ दोरे ओवायचे आणि त्यांतून वक्र रेषा उमटलेली पाहायची, हा खेळ त्यांनी सुचविला. आम्ही तो वर्गात करून पाहिला आहे, मुलांना फार आवडतो. मुलींपैकी अलिशिया यांनी कॉलेजचे तोंड न पाहता चार मितींच्या भूमितीत काम केले आणि १९१४ साली हॉलंडातील ग्रोनिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. लूसी रसायनशास्त्रज्ञ झाल्या. धाकट्या एथेल यांची कादंबरी 'द गॅडफ्लाय' रशियात अमाप खपली. थोरल्या मेरी एलन यांच्या वंशातले जेफ्री एव्हरेस्ट हिंटन हे बूल यांचे खापरपणतू. यंत्राला शिकायला लावण्याच्या कामाबद्दल त्यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफील्ड यांच्यासह मिळाले.

कॉर्कमध्ये बूल यांची कबर ब्लॅकरॉक येथील सेंट मायकेल चर्चच्या आवारात आहे. त्यांच्या कॉलेजचे पुढे विद्यापीठ झाले आणि तेथील ग्रंथालयाला त्यांचे नाव दिले आहे. १९८० साली त्याच शहरात ऍपल कंपनीने संगणक बनविण्याचा कारखाना उघडला. यंदा २ नोव्हेंबरच्या आदल्या दिवशी फळ्यावर 'ऍटलास' जहाजाचे नाव लिहू, तेव्हा त्याखाली लिंकनच्या त्या एकोणीस वर्षांच्या मास्तराचे नावही लिहायचे असे आम्ही ठरविले आहे. मागच्या बाकावरची मुलगी पुन्हा काही विचारील, तिच्यासाठी एक दोऱ्यांचा पुठ्ठा तयार ठेवला आहे.